पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट आणि देवाने निवडलेला राजा

माजलगाव तालुक्यात गोदाकाठी असलेले पुरुषोत्तमपुरी अधिक महिन्यात धोंड्याच्या नैवेद्याने गजबजते. अभ्यासकांना मात्र हे गाव आठवते ते शके १२३२ च्या, म्हणजे इ. स. १३१० च्या ताम्रपटामुळे. वा. वि. मिराशींनी संपादित केलेला हा ताम्रपट म्हणजे देवगिरीच्या रामचंद्र यादवाने पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला दिलेल्या अग्रहाराचे दानपत्र. पण राजाने गादी कशी मिळवली, तेही त्यात आले आहे. १२६१ मध्ये कृष्णदेवामागे राज्य त्याच्या मुलाकडे, रामचंद्राकडे, न येता भाऊ महादेवाकडे गेले आणि पुढे महादेवाचा मुलगा अम्मण गादीवर बसला. १२७१ च्या सुमारास रामचंद्राची माणसे नटांचे सोंग घेऊन किल्ल्यात शिरली आणि त्याने चुलतभावाला खाली ओढले.

राजा देवाने निवडला, असे म्हणायची गरज पडते ती वारसाक्रम मोडल्यावर. प्राचीन इस्राएलात संदेष्टा शमुवेलाने इशायाच्या आठ मुलांतल्या धाकट्या दावीदाला तेलाचा अभिषेक केला, तोही यज्ञाला आलो असे सांगून. कारण आधीचा राजा शौल अजून गादीवर होता. सोंग तिथेही लागलेच. पुढे दावीदाच्या मुलांतला थोरला अदोनीया मागे पडून शलमोन गादीवर आला, त्यातही नाथान संदेष्टा आणि शलमोनाची आई बथशेबा यांची खटपट होती. यादवांना संदेष्ट्याकरवी राजा निवडण्याची ही सोय नव्हती. त्यांच्या बिरुदांत अख्खा वंशच विष्णूचा, ध्वजावर सोन्याचा गरुड. मग अम्मणही विष्णुवंशीच! दोन चुलतभावांतून कोण, हे वंश सांगू शकत नव्हता. ते यशाने सांगितले.

प्रशस्ती म्हणजे भाटगिरी, तिच्यात विचार कसला शोधायचा, असे कोणी म्हणेल. पण भाट लाजिरवाणे ते गाळतो. इथे चाळीसेक वर्षांनी, रामचंद्र दिल्लीच्या सुलतान अलाउद्दीनचा मांडलिक झाल्यावरही, किल्ल्यातली युक्ती तांब्यावर कोरली गेली. म्हणजे दरबाराला तिची लाज नव्हती. दुसरा आक्षेप वजनदार आहे: रामचंद्र थोरल्या भावाचा मुलगा, त्याने आपलेच परत घेतले. तसे मानले तर महादेवाची दहा वर्षे बळकावलेली ठरतात. पण महादेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख, हेमाद्री रामचंद्राकडेही मानाने राहिला; म्हणजे दरबाराने ती वर्षे बळकावलेली मानली नाहीत. इस्राएलात मात्र शमुवेलाने स्वतः अभिषेक केलेल्या शौलाला देवाने टाकल्याचे तोंडावर सुनावले होते. देवगिरीचे विद्वान अग्रहार घेत ते राजाकडूनच. त्यांनी राजाला असे सुनवावे, ही अपेक्षा धरणे भाबडेपणाचे. दरबाराबाहेर महानुभाव पंथाचे लोक होते. राजा बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, पण रामचंद्राने अम्मणाचे डोळे काढल्याची आठवण त्यांच्या पोथ्यांनी सांभाळली.