बसण्याआधी थोडंसं

आधुनिकतावादी फर्निचर म्हटलं की गुळगुळीत मासिकातला पांढराशुभ्र दिवाणखाना आठवतो. खुर्ची आहे, दिवा आहे, माणूस मात्र नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने तो फोटो आधी बाजूला ठेवावा. मीही या वस्तूंच्या रूपावरच भाळलो. पण गोडी टिकली ती त्यांच्यामागच्या हिशेबामुळे. लाकूड किती लागलं, जोड किती, आणि ही वस्तू परवडणार कोणाला?

इराण्याकडे चहा प्यायलेल्या वाचकाला या इतिहासाचं पहिलं प्रकरण ठाऊकच आहे. तिथली गोल पाठीची काळपट खुर्ची मिखाएल थोनेटच्या १८५९ सालच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीच्या कुळातली. बीचचं लाकूड वाफवून साच्यात वाकवायचं. भाग सहा, स्क्रू दहा, नट दोन. एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्यांचे सुटे भाग मावत. पुढे १९२५च्या सुमारास बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या मार्सेल ब्रॉयरला सायकलच्या हँडलवरून पोलादी नळीची खुर्ची सुचली आणि वाकवण्याची कल्पना धातूत आली.

माझा जीव मात्र खुर्चीपेक्षा एका स्वयंपाकघरात जास्त गुंतला आहे. १९२६ साली वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. गृहिणीची पावलं मोजून ओटा, सिंक आणि शेगडी यांच्या जागा ठरवल्या. धान्या-साखरेसाठी तोटीचे अॅल्युमिनियमचे खण. हात घालायला नको, खण ओढून थेट भांड्यात ओतावं. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, कारण ओकमुळे कीड लागत नाही असा समज. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे लिहोत्स्कीबाईंनी तोवर स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. पुढच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी या खोलीवर कडक टीका केली: इथे एकटीच उभी राहू शकते, म्हणजे काम तिच्या एकटीच्याच गळ्यात. टीका रास्त आहे. तरीही घरकामाला काम मानून त्यासाठी जागा आखणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आपल्याकडचा धडा चंदीगढचा. या शहराची आखणी करणारे वास्तुकार ल कोर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे आणि युली चौधरी यांसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या घडवल्या. पाठीवर रंगाने खात्याची अक्षरं आणि नोंद क्रमांक. पुढे त्या निकामी ठरून मातीमोलाने निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. तीच रंगाची अक्षरं तिथे अस्सलपणाचा पुरावा ठरली. कारकुनासाठी केलेली खुर्ची धनिकाच्या दालनात गेली, याला मी सन्मान म्हणत नाही.

या अभ्यासाला जर्मन भाषा यावी लागत नाही, महागडा संग्रह तर नाहीच नाही. मोजपट्टी, वही आणि थोडी चौकस नजर पुरे. गावच्या वाचनालयातली, जुन्या शाळेतली, आजोळच्या ओसरीवरची खुर्ची उलटी करा. जोड पाहा, बैठकीची उंची मोजा, कोणी आणि कशासाठी केली ते विचारा. आणि ती भंगारात जायच्या आत हे सगळं लिहून ठेवा.