वाघिणीची वाट आणि घराची दिशा

२९ जुलै २०१७ रोजी वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पात एक वाघीण सोडण्यात आली. वय दोनेक वर्षं, गळ्यात रेडिओ कॉलर, सरकारी नाव टी-२७ सी-१, म्हणजे टी-२७ या वाघिणीचं पहिलं पिल्लू. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरात दोन माणसांचा जीव गेल्यावर तिला त्याच महिन्यात पकडलं होतं. बोरमध्ये ती थांबली नाही. वर्धा, नागपूर, अमरावती अशा तीन जिल्ह्यांतून अडीच महिन्यांत पाचशेहून अधिक किलोमीटर चालली. सुटकेनंतरही माणसांवरचे हल्ले थांबले नाहीत. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. १४ ऑक्टोबरला कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरीच्या शिवारात, पिकाभोवतीच्या तारेत सोडलेल्या करंटने ती मेली. रानडुकरांपायी रात्र रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याची ही तार आपल्या भागात नवी नाही.

ती घराकडे निघाली होती, असं समजणं सोपं आहे. नकाशा उघडला की हा समज टिकत नाही. ब्रह्मपुरी बोरच्या आग्नेयेला, सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. कारंजा नेमकं उलट, वायव्येला.

घर शोधणाऱ्या वाघाचा माग कसा असतो, हे पन्नाने दाखवलं आहे. मध्य प्रदेशातील या प्रकल्पात २००९ साली एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघिणी आणल्या आणि नोव्हेंबरात पेंचहून एक नर, टी-३. काही दिवसांतच तो पन्ना सोडून दक्षिणेला, म्हणजे पेंचच्याच रोखाने निघाला. माणसं आणि हत्ती मागावर लागले. अखेर २५ डिसेंबरला त्याला बेशुद्ध करून परत आणलं आणि या खेपेस तो रमावा म्हणून वाघिणीचं मूत्र जंगलात शिंपडलं. एप्रिल २०१० मध्ये टी-१ वाघिणीला त्याची पिल्लं झाली. त्याला दिशा कशी कळली? कबुतराला सूर्याचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार असतो, समुद्री कासवालाही चुंबकत्व वाट दाखवतं. वाघाबाबत तसं काही सिद्ध झालेलं नाही.

पण टी-३ हा वाढलेला नर होता, त्याच्या मागे पेंचचा ओळखीचा मुलूख होता. आपली वाघीण आईपासून नुकती सुटण्याच्या वयातली. या वयात वाघ घर सोडतो आणि नवं शोधतो. परतायला तिचा स्वतःचा मुलूख मागे नव्हताच. तिला सोडलं तेही जेमतेम १३८ चौरस किलोमीटरच्या जंगलात. देशातल्या लहानांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. भोवती शेतं, गावं, रस्ते. माझ्या मते तिच्या त्या पाचशे किलोमीटरांना 'परत फिरणं' म्हणणं चूक, आणि 'भरकटणं' म्हणणं त्याहून चूक.

दोन वर्षांनी यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर असाच निघाला. तेलंगणात जाऊन आला, पाच महिन्यांत तेराशेवर किलोमीटर चालला आणि २०१९ च्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी कौतुकाने त्याला 'वॉकर' म्हटलं. त्याला पिंजऱ्यात घालून कुणी कुठे नेलं नव्हतं.