रथाच्या वाटेवरचे जुने जळगाव

कार्तिक शुद्ध एकादशीला सकाळची महापूजा आटोपली की जुन्या जळगावातील श्रीराम मंदिरासमोरून लाकडी रथ हलतो. मध्यरात्रीच्या सुमारास तो पुन्हा तेथेच येऊन थांबतो. पायी चालणाऱ्याला हे अंतर फारसे नाही. रथाला मात्र पुरा दिवस लागतो, कारण वाटेत जुने गाव जवळजवळ संपूर्ण येते. भोईटे गढी, कोल्हे वाडा, चौधरी वाडा, तेली चौक, रथ चौक, बोहरा गल्ली, सुभाष चौक, दाणाबाजार, घाणेकर चौक, भिलपुरा, बालाजी मंदिर आणि पुन्हा रथ चौक, असा त्याचा मार्ग असतो. ज्याला जुने जळगाव पाहायचे आहे, त्याने नकाशा बाजूला ठेवून या मार्गाने एकदा चालावे.

हा रथोत्सव संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. अप्पा महाराज हे श्रीराम मंदिर संस्थानचे मूळ पुरुष. जळगावहून आषाढीला पंढरपूरला जाणारी संत मुक्ताबाई राम पालखीही त्यांच्याच परंपरेतील. रथाच्या पुढे मुक्ताबाईंच्या पादुकांची पालखी असते, ती या नात्यामुळे. त्या काळचे जळगाव आजच्यासारखे जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. मोठ्या खान्देश जिल्ह्याचा कारभार धुळ्याहून चाले. रेल्वे मात्र जळगावात पोहोचली होती, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीचे दिवस गावाने नुकतेच पाहिले होते आणि १८६४ मध्ये नगरपालिकाही स्थापन झाली होती. कापसाच्या पैशावर पेठा वसत होत्या, बाहेरून व्यापारी येत होते. अशा वाढत्या गावाला एका दिवसासाठी एका दोरखंडाला हात लावायला लावणारा उत्सव तेव्हा मिळाला. पुढे १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले व जळगाव पूर्व खान्देशचे मुख्य ठिकाण बनले. रथाची वाट मात्र जुन्या गावाभोवतीच फिरत राहिली.

मोगरीची विद्या

पाहुण्याचे लक्ष रथावरील उत्सवमूर्तीकडे, झेंडूच्या माळांकडे जाते. जाणकाराचे लक्ष चाकापाशी असते. या रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. पुढून दोर ओढणारे त्याला गती देतात, पण दिशा आणि थांबा या दोन्ही गोष्टी मोगरीवाल्यांच्या हाती असतात. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. दोन्ही चाकांखाली मोगरी लागली की रथ थांबतो. एकाच बाजूच्या चाकाला ती अडवली की ते चाक अडून राहते, दुसरे पुढे सरकते आणि रथ वळतो. सांगायला हे इतके सोपे आहे. प्रत्यक्षात समोर अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना ओटे, पन्हाळी, विजेच्या तारा, माथ्यावर गॅलऱ्यांत दाटलेली माणसे आणि ढोलताशांच्या गजरात न ऐकू येणारे शब्द, अशा स्थितीत फिरत्या चाकापासून हातभर अंतरावर वाकून मोगरी योग्य क्षणी सारायची आणि योग्य क्षणी काढायची असते. उशीर झाला तर एखाद्याचा ओटा जातो. घाई झाली तर मोगरीवाल्याचा हात.

हे काम पुस्तकातून शिकता येत नाही. वर्षातून एकच दिवस रथ निघतो, त्यामुळे सरावालाही तोच दिवस. नवा मुलगा आधी काही वर्षे चाकाच्या बाजूने नुसता चालतो, थोरांच्या खुणा ओळखू लागतो, मग त्याच्या हाती मोगरी येते. रथोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षे झाली ती या शिकवणीच्या बळावर. २०२० मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे नेहमीची मिरवणूक निघू शकली नाही. अशा खंडाने उत्सवाइतकीच शिकणाऱ्याचीही हानी होते, हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानी सहसा येत नाही.

एकादशीच्या आधी दहा दिवस वहनोत्सव चालतो. दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, त्याचा आरंभ होतो. घोडा, हत्ती, सिंह, गरुड, मारुती अशी रोज वेगळे वहन गल्लीगल्लीतून निघते. घरोघर पानसुपारी, आरती होते. वहन हलके असते, रथ जिथे शिरू शकत नाही अशा बोळांतही ते पोहोचते. खरे पाहता शेजाऱ्यांची भेटगाठ या दहा संध्याकाळींतच होते. दिवाळीला आलेल्या माहेरवाशिणी ‘रथ पाहूनच जाऊ’ म्हणतात आणि सासरी परतणे आठवडाभर लांबते.

पेठांचा दिवस

उर्वरित वर्षभर या गल्ल्या कष्टाच्या आणि व्यापाराच्या असतात. विठ्ठल पेठ, राम पेठ, जोशी पेठ, बालाजी पेठ, मारुती पेठ, शनिपेठ, भवानी पेठ ही नावे देवांची नि माणसांची असली तरी सकाळ होते ती दूधवाल्याच्या घंटेने आणि नळाच्या पाण्याने. दहानंतर दाणाबाजाराकडे हमाल, हातगाड्या व मालाच्या गाड्यांची रांग लागते. सुवर्णनगरी म्हणून महाराष्ट्रात नाव झालेल्या जळगावचा जुना सराफ बाजार याच परिसरातला. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे आधी सोने, मग कापड, मग भांडी अशा क्रमाने येथून फिरतात. उन्हाळ्यात गच्च्यांवर बिबडे, पापड आणि कुरडया वाळत पडतात. हिवाळ्यात हिरवी-पांढरी भरताची वांगी बाजारात आली की संध्याकाळी काट्यांवर वांगी भाजल्याचा वास कोणत्या ना कोणत्या वाड्यातून येतोच. भरीत आणि कळण्याची भाकरी हा येथील पाहुणचार. हॉटेलांनी तो पुढे उचलला, मूळ अंगणातले.

रथाच्या मार्गावरील चौधरी वाड्यापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे. आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन या वाड्यात आल्या आणि १९५१ मध्ये जळगावातच त्यांचे निधन झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, व नातलगांनी टिपून ठेवल्या. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. या भागातील लेवा गणबोली त्या पुस्तकामुळे महाराष्ट्राला कळली. वाड्यात आता त्यांच्या वापरातील वस्तूंचे स्मृतिसंग्रहालय आहे. जाते, शेतीची अवजारे, घरातील भांडी पाहताना ध्यानात येते की या कवितेचे शब्द कोठून दूरून आले नव्हते. ते याच ओसरीवर रोज बोलले जात होते.

भिलपुऱ्यातील थांबा

दाणाबाजार, घाणेकर चौक असा फिरून रथ भिलपुऱ्यात येतो. तेथे संत लालशहा बाबांची समाधी आहे. रथ तेथे थांबतो आणि संस्थानच्या वतीने समाधीवर चादर अर्पण केली जाते. अप्पा महाराज आणि लालशहा बाबा यांचा स्नेह होता, असे परंपरा सांगते. थांबा फार वेळाचा नसतो, त्यात भाषणबाजीही नसते. वर्षभरात शहरात काहीही घडो, त्या दिवशी मोगरी तेथे लागते. सामाजिक ऐक्यावर व्याख्याने जळगावातही पुष्कळ होतात. पण मोगरी लागलेली पाहणाऱ्याला व्याख्यानाची उणीव भासत नाही.

धुळ्याच्या गल्ल्या

जळगावपासून नव्वदएक किलोमीटरवरील धुळ्याची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. जळगावचे जुने गाव वळत-वाकत वाढले. धुळ्याचा मध्यभाग आखून वसवला गेला. पेशवाई संपल्यावर खान्देशात आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी १८१९ मध्ये धुळ्यात सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली. तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्ज यांनी व्यापाऱ्यांना कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, घरबांधणीसाठी उचल दिली. सरळ, समांतर रस्ते पडले आणि गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. ‘गल्ली नंबर पाच’ एवढा पत्ता धुळेकराला आजही पुरतो. आग्रा रोडवरील बाजारपेठ आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर त्यांच्या दफ्तरासाठी १९२७ मध्ये उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ ही या शहराची दोन टोके. एकात रोजची उलाढाल, दुसऱ्यात जपलेले कागद.

धुळ्यालाही रथ आहे, बालाजीचा. दसऱ्यानंतरच्या एकादशीला तो निघतो. परंतु शहराचा स्वभाव कळतो तो जुन्या धुळ्यातील खोल गल्लीच्या गणपतीवरून. त्याला ‘खुनी गणपती’ म्हणतात. नाव ऐकून परगावचा माणूस दचकतो. १८९५ मध्ये विसर्जन मिरवणुकीच्या वेळी मशिदीसमोर तंटा झाला, गोळीबार झाला आणि माणसे मेली, अशी या नावामागची हकीकत सांगितली जाते. मशिदीलाही तेच विशेषण चिकटले. दोन्ही बाजूंनी ते नाव पुसले नाही. विसर्जनाच्या दिवशी हा गणपती पालखीतून मशिदीसमोर येतो, तेथे आरती होते आणि मुस्लिम बांधव पालखीवर फुले उधळतात. ज्या जागी रक्त सांडले, त्याच जागी पुन्हा पुन्हा समोरासमोर येण्याचा हा रिवाज एखाद्या स्मारकापेक्षा अवघड आहे. स्मारक एकदा बांधले की झाले, येथे दर वर्षी माणसांना यावे लागते. धुळ्याने त्यानंतरही दंगली पाहिल्या आहेत. जानेवारी २०१३ मधील दंगलीत माणसे दगावली. रिवाज म्हणजे विम्याची पावती नव्हे, हे धुळेकर जाणतात. तरीही तो मोडलेला नाही.

रिकामे वाडे, भरलेले सण

दोन्ही शहरांच्या मध्यभागाची अडचण सारखीच आहे. भावांच्या वाटण्यांत वाड्याचे तुकडे झाले, मुले पुण्या-मुंबईला किंवा शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली. तळमजल्यावर गोदाम, वर एखादे वृद्ध जोडपे आणि बाकी खोल्यांना कुलूप, असे चित्र जागोजागी दिसते. कडीपाटाचे माळे, कोरीव खांब टिकवणे खर्चाचे. पाडून स्लॅब टाकणे त्यापेक्षा सोयीचे. वाडा जपा असे बाहेरून सांगणाऱ्यांची संख्या वाढली आहे, पण कौले उतरवून पुन्हा चढवणारा कारागीर आणि त्याची मजुरी कोठून आणायची, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

या कुलपांच्या किल्ल्या वर्षातून दोनदा हमखास बाहेर येतात. एकदा श्रावणात, कानबाईला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खान्देशी घरांत माणशी मोजून गहू घेतले जातात, त्याचे ‘रोट’ होतात आणि ते भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात. बदलीच्या गावाहून, फ्लॅटमधून, थोरल्याच्या वाड्यावर यावेच लागते. गहू मोजताना कोण आले, कोण गेले, घरात कोणाचा जन्म झाला याची नोंद आपोआप होते. सोमवारी कानबाईचे विसर्जन झाले की गाड्या परतीला लागतात.

दुसरी वेळ रथाची. रथ येण्याआधी खड्डे बुजवणे, लोंबत्या तारा वर उचलणे, ओट्यापुढे आलेले पत्रे आणि टपऱ्या मागे घेणे ही कामे होतात. अतिक्रमणाच्या ज्या तक्रारींवर एरवी महिनोन्‌महिने कागद फिरतात, त्या रथाच्या रुंदीपुढे दोन दिवसांत निकाली निघतात. पुढच्या आठवड्यात काही टपऱ्या हळूच पूर्ववत होतात, तो भाग निराळा.

रात्री रथ चौकात रथ शेवटचे वळण घेतो. दोर ओढणाऱ्यांचे आवाज तोवर बसलेले असतात, मोगरीवाल्यांचे कपडे मातीने माखलेले. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत दिवे लागलेले असतात. त्यांत काही खिडक्या अशा, ज्या गेल्या एकादशीनंतर उघडल्याच नव्हत्या. मंदिरासमोर मोगरी लागते, आरती होते. सकाळी दाणाबाजारात पहिली हातगाडी येते तेव्हा रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि चाकांच्या खुणा अजून तशाच असतात.