नवख्याला सल्ला : अॅक्शन रोल-प्लेइंग खेळांतल्या शहाणपणाचा इतिहास

अॅक्शन रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम हा दोन वेगळ्या कुळांचा संकर आहे. एका कुळात हाताची चपळाई लागते. बटण वेळेवर दाबले तर वार बसतो, नाही तर मार बसतो. दुसऱ्या कुळात खेळणारा एका पात्राचा संसार सांभाळतो. पात्राची ताकद, हत्यारे, अनुभव आणि लेव्हल यांचा तो हिशेब ठेवतो. ज्याचा हात चालतो तो हिशेबात चुकतो, आणि हिशेबी माणसाचे बोट बटणावर उशिरा पडते. म्हणून नवखा या खेळांत कुठे तरी अडतोच, आणि त्याला सल्ला देण्याची प्रथाही या खेळांइतकीच जुनी आहे. आज सरसकट दिला जाणारा जवळजवळ प्रत्येक सल्ला कुठल्या तरी खेळाने, बहुतेक वेळा खेळणाऱ्याला मारून, शिकवलेला आहे.

हिशेबाचे कूळ १९७४ पासूनचे. त्या वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ निघाला. मार खाण्याची ताकद आकड्यात मोजणे, अनुभव साठवून वरच्या लेव्हलला जाणे, ही रीत त्याने रूढ केली. सत्तरच्या दशकातच ती संगणकावर आली, पण बहुतेक पाळीपाळीने. आधी खेळणारा चाल करी, मग राक्षस. विचाराला हवा तेवढा वेळ मिळे.

हा वेळ काढून घेण्याचे काम मुख्यतः जपानने केले. १९८४ हे एकच वर्ष घेतले तरी निहोन फाल्कॉमचा ‘ड्रॅगन स्लेयर’, टी अँड ई सॉफ्टचा ‘हायडलाइड’ आणि नाम्कोचा ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ असे तीन खेळ हाती लागतात. यांतला ड्रुआगा सल्ल्याच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा. साठ मजल्यांचा बुरूज चढायचा. मजल्यांवर पेट्या दडवलेल्या, आणि पेटी दिसायला नेमके काय करायचे याचा खेळात मागमूस नाही. कुठे ठरावीक शत्रू ठरावीक रीतीने मारायचा, कुठे आणखीच काही. काही पेट्या हुकल्या तर पुढे कितीही चपळ हात असला तरी खेळ पुरा होत नाही. हा खेळ नाणे टाकून खेळायच्या पार्लरांमधला; तिथे एकट्याने हे शोधणे म्हणजे खिसा रिकामा करणे. तेव्हा खेळणाऱ्यांनी वह्या ठेवल्या. ज्याला जे सापडले ते त्याने लिहायचे, पुढच्याने वाचून पुढे जायचे. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी लिहून ठेवलेला सल्ला या खेळांना इथून चिकटला.

फाल्कॉमच्याच १९८७ च्या ‘ईस’मध्ये वार करायला बटणच नव्हते, शत्रूच्या अंगावर धावून जायचे. नवखा समोरासमोर भिडे आणि मरे. अर्धे अंग बाजूला ठेवून धडक दिली की शत्रू मागे रेटला जाई आणि आपल्याला इजा होत नसे. ‘समोरून भिडू नको, बाजू धर’ हा सल्ला आजही दिला जातो, फक्त आता त्यासाठी डॉजचे वेगळे बटण असते. निंटेंडोच्या ‘झेल्डा’ने (१९८६) आणखी एक सवय लावली. पहिल्याच पडद्यावर एक गुहा आहे, आत म्हातारा आहे आणि त्याच्याकडे तलवार आहे. आत डोकावले नाही तर पुढचे जंगल रिकाम्या हाताने तुडवायचे. आधी आजूबाजूला पाहा, मग चाल. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो कार्ट्रिजवर निघाला तेव्हा आत छोटी बॅटरी बसवलेली होती, त्यामुळे खेळ जिथे थांबवला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येई. या बॅटरीकडे पुन्हा यायचे आहे.

संगणकावर या प्रकाराला घराघरांत नेले ते अमेरिकेच्या ‘डायब्लो’ने. त्याचे निर्माते डेव्हिड ब्रेविक यांनी तो पाळीपाळीचाच ठरवला होता. ब्लिझार्ड कंपनीच्या लोकांनी वेळेचे बंधन काढायचा आग्रह धरला, ब्रेविक नाखुशीनेच तयार झाले, आणि बदल काही तासांत झाला. सांगाड्यावर माउसने क्लिक केले, योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला. पाळीची पद्धत तिथे संपली. १९९६ सरता सरता खेळ बाजारात आला. त्यातली पिशवी चाळीस चौकोनांची. अंगठीला एक चौकोन लागे, चिलखताला सहा. दिसेल ते उचलणाऱ्याची पिशवी दोन खोल्यांत भरे आणि मोलाची वस्तू पायाशी पडून राही. सगळे उचलू नये, गावी परतायचा एक मंत्र कायम शिल्लक ठेवावा, औषधाच्या कुप्या संपायच्या आत माघार घ्यावी हे शिक्षण इथले.

२००० मधला ‘डायब्लो २’ याहून कडक मास्तर निघाला. प्रत्येक लेव्हलला मिळणारा गुण कुठल्या तरी कौशल्यावर खर्चायचा, आणि एकदा खर्चला की परत नाही. नवखा थोडे अग्नीला, थोडे बर्फाला, थोडे विजेला देई. सुरुवातीला सगळे छान चाले. मग अवघड पातळीवर त्याचा एकही वार पुरेसा पडत नसे, आणि तीस-चाळीस तासांचे पात्र टाकून नव्याने सुरुवात करावी लागे. गुण परत घेण्याची सोय या खेळात २०१० मध्ये आली. मधल्या दहा वर्षांत ‘गुण विखरू नकोस, दोन-तीन कौशल्यांवर ठाम राहा’ हा सल्ला वेदवाक्य झाला. नंतरच्या पुष्कळ खेळांत चूक सुधारता येते, तरी सल्ला तसाच चालू आहे. आता तो थोडा सैल करायला हरकत नाही. अपवाद न्यूझीलंडच्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’चा (२०१३). तिथे निवडीचे तेराशेहून जास्त ठिपके एकाच पटावर पसरलेले आहेत. पहिल्या वेळी जाणत्याचा आखलेला मार्ग उचलणे हाच तिथला शहाणपणा, आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही.

२००९ मध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डीमन्स सोल्स’ने आणि २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ने मरण हाच धडा केला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. इथे वार, ढाल आणि उडी सगळे दम खाते. बटण बडवणाऱ्याचा दम नेमका शत्रूने हात उचलला की संपतो. त्यामुळे सल्ला बदलला: एक वार कमी मारावा आणि शत्रूच्या खांद्याकडे पाहावे, कारण वार सुटण्याआधी खांदा हलतो. मेल्यावर कमाई त्या जागीच पडून राहते, आणि तिथे पोचण्याआधी पुन्हा मेले तर कायमची जाते. म्हणून मोठ्या लढतीआधी ती खर्चून टाकावी. ड्रुआगाच्या वह्याही इथे नव्या रूपात आल्या. खेळणारा जमिनीवर ठरावीक शब्दांतून जुळवलेला संदेश ठेवू शकतो आणि तो परक्या देशातल्या खेळणाऱ्याला दिसतो. बर्फात चढावर अडकलेल्या गाड्या अनोळखी लोकांनी ढकलून दिल्याच्या आठवणीतून अनोळखी खेळणाऱ्यांनी एकमेकांना मदत करायची कल्पना सुचल्याचे मियाझाकींनी सांगितले आहे. अर्थात पुढे खजिना आहे असे लिहून कड्यावरून उडी मारायला लावणारेही त्यात असतात. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये सुरुवातीलाच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार वाटेत फिरतो आणि नवख्याला दोन वारांत आडवा करतो. तो तिथे ठेवलाय तो टाळून जायला शिकावे म्हणून.

महाराष्ट्राला या इतिहासाचा मोठा भाग चुकला, आणि त्यात त्या बॅटरीचा वाटा आहे. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांपर्यंत जे ‘टीव्ही गेम’ पोचले ते बहुतांशी जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या पिवळ्या-काळ्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. एकेका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचा दावा असे, पण ते मारिओ, काँट्रा अशा, एका बैठकीत खेळून संपवायच्या जातीचे. बॅटरी घालून कॅसेट महाग करण्यात नकलाकाराला रस नव्हता. जिथे सेव्ह नाही तिथे चाळीस तासांचा खेळ टिकत नाही. पुढे सायबर कॅफेत तासावर पैसे मोजायचे, आणि उद्या तेच यंत्र मिळेल याची खात्री नाही. मराठी मुलांचा हात तयार झाला तो असा, हिशेबाशिवाय. म्हणून इथल्या नवख्याला ‘जोरात बडव’ हे सांगावे लागत नाही. थांब, पिशवी उघड, वाच, हे सांगावे लागते.

२०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ काढला. धाकट्या भावाला असुरांपासून सोडवायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. काटेकोर बोलायचे तर त्याला अॅक्शन-अॅडव्हेंचर म्हणावे लागेल. त्यात हिशेबाचा भाग हलका आहे आणि खेळ थोडक्या तासांत संपतो. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला तो त्यामुळेच सोयीचा. त्याच वर्षी आलेला चिनी ‘गेनशिन इम्पॅक्ट’ फोनवरही चालतो आणि फुकट आहे. त्यात पात्रे सोडतीतून मिळतात, आणि सोडतीला खरे पैसे लावता येतात. तेव्हापासून नवख्याला राक्षसाइतकेच खिशाबद्दल सांगावे लागते.

फोनमुळेच हे खेळ झरी जामणीसारख्या तालुक्याच्या आवाक्यात आले. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेचा हा तालुका. पैनगंगा नदीपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. कोलामांचे पोड म्हणजे वस्त्या, गोंडांची गावे, कापसाची शेते. कानावर मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू पडतात. सोंग घेणे या भागाला नवे नाही. दिवाळीत पैनगंगेच्या दोन्ही अंगांना दंडार ही नाचणाऱ्यांची फेरी निघते. मोरपिसांचा भरगच्च टोप चढवून घुसाडीचे सोंग घेतलेला नाचतो, आणि ते दिवस तो नेहमीचा गावकरी नसतो. दुसऱ्याची भूमिका अंगात घेण्याचा सराव आहे, बोटांनाही वेग आहे. अडते ते मजकुरापाशी. कुठली तलवार कशाला चालते, कुठला गुण कुठे लावायचा, हे सगळे खेळ वाचायला लावतात, आणि डायब्लो, एल्डन रिंग किंवा गेनशिन इम्पॅक्ट यांच्या भाषांच्या यादीत मराठी नाही.