2250 च्या रेषेखाली नेमकं कोण?

बावधनहून चांदणी चौक, पौड रोड करत डेक्कनला आलात, तर गोखले इन्स्टिट्यूट आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या दोन संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडतील. देशात उपाशी माणसं किती, यावरच्या एका मोठ्या वादाच्या दोन बाजू या दोन संस्थांशी जोडलेल्या आहेत. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल आणि 'दोन डेटा सेटची तुलना' हा धडा कंटाळवाणा वाटत असेल, तर हा वाद जरूर समजून घ्या. वादाचं मूळ त्याच धड्यात आहे.

1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या गरिबीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज सरासरी 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना झेपत नाही, ते गरीब, अशी त्यांची रेषा होती. 1960-61 च्या आकड्यांवरून ग्रामीण भागात सुमारे 40 टक्के आणि शहरी भागात सुमारे 50 टक्के लोक तिच्याखाली निघाले.

यावर आक्षेप घेतला पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, 1936 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट, मग रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 2250 ही गरजेची *सरासरी* आहे. सरासरीला रेषा कशी मानता?

आता कागद-पेन घ्या. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत.

पाच माणसांची रोजची गरज धरू: 1900, 2100, 2250, 2400, 2600. सरासरी 2250. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते चिन्ह सोडून लिहा: 350, 150, 0, 150, 350. बेरीज 1000, भागिले पाच, 200. हे झालं सरासरी विचलन, म्हणजे मीन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन.

समजा हे पाचही जण अगदी गरजेइतकंच जेवतात. कुणीच उपाशी नाही. तरी 2250 ची रेषा ओढली की दोघे खाली जातात. पाचात दोन, म्हणजे 40 टक्के! (दांडेकर-रथांच्या 40 शी हे जुळलं तो निव्वळ योगायोग.) सुखात्म्यांचा मुद्दा इथे बिनतोड आहे.

मग त्यांची रेषा कुठे? सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा. आपल्या पाच जणांचं प्रमाण विचलन सुमारे 241 येतं, म्हणून रेषा साधारण 1768. जाता जाता एक सावधगिरी. तुम्ही 241 ऐवजी 200 वापरलंत तर रेषा 1850 येईल. दोन्ही 'विचलनं'च, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सामान्य वितरणात सरासरी विचलन प्रमाण विचलनाच्या 0.8 पट असतं. तसं पाहिलं तर सरासरी विचलन समजायला सोपं. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन त्याच्याच बाजूने होते. 1920 मध्ये फिशरने दाखवून दिलं की आकडे सामान्य वितरणातले असतील तर तेवढ्याच अचूकतेसाठी सरासरी विचलनाला सुमारे 14 टक्के जास्त निरीक्षणं लागतात. सुखात्मे लंडनमध्ये शिकत होते तेव्हा फिशर त्याच कॉलेजात प्राध्यापक होते.

आता दुसरा डेटा सेट. एका गरीब वस्तीतले पाच जण प्रत्यक्षात खातात ते आकडे: 1700, 1800, 1850, 1900, 2000. सरासरी 1850, सरासरी विचलन 80. गरजेच्या सरासरीपेक्षा 400 ने कमी, आणि हे 400 म्हणजे गरजेच्या सरासरी विचलनाच्या दुप्पट. किरकोळ चढउतार म्हणून सोडून देण्यासारखा फरक नाही.

दांडेकरांच्या रेषेने पाचही उपाशी. सुखात्म्यांच्या रेषेने फक्त एक, 1700 वाला. तेच आकडे, उत्तर पाच किंवा एक.

पण थांबा. या वस्तीतल्या पाच जणांच्याही गरजा पहिल्या सेटसारख्याच असतील, तर आहार कसाही वाटा, किती जणांची गरज भागेल? जास्तीत जास्त एकाची. 1900 वाल्याला 1900 किंवा 2000 मिळाले तर. पुढच्याला 2100 हवेत आणि तेवढं ताटात कुणाच्याच नाही. म्हणजे किमान चार उपाशी, आणि खालची रेषा दाखवते एक. कारण ती रेषा ओढलीय चुकून कुणाला उपाशी ठरवू नये म्हणून. तिच्यावर असलेला माणूस पोटभर जेवतोय, असं ती सांगूच शकत नाही. मला तर दांडेकर-रथांची बाजू इथे भक्कम वाटते. त्यांनी एकेक माणूस मोजलाच नव्हता, खर्चाचे गट मोजले होते. गटात कमी गरजवाले आणि जास्त गरजवाले एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून गटाची सरासरी गरजेच्या सरासरीशी ताडणं योग्यच. गडबड होते ती गटाची रेषा माणसाला लावली की. 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी 2400 आणि शहरी भागासाठी 2100 ठरवले, तेही सरासरीचेच आकडे होते.

सुखात्मे मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, हे 200 किंवा 241 आलं कुठून? आपण धरलं की एकाची गरज कायम 1900 आणि दुसऱ्याची कायम 2600. ते म्हणाले, बराचसा फरक एकाच माणसात, काळानुसार होतो. शरीर कमी आहारात खर्च आटोपतं आणि समतोल राखतं. हे खरं असेल तर वरचा 'किमान चार' चा हिशोब कोसळतो, कारण 2600 वाला कायम 2600 वाला राहत नाही. टीकाकारांचं उत्तर असं की शरीर जुळवून घेतं ते काम कमी करून, अंगाने लहान राहून, आणि त्या तडजोडीला भूक न म्हणणं बरोबर नाही. 1981 च्या सुमारास इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीच्या पानांवर हे जोरात चाललं होतं.

आपल्या दोन डेटा सेटमधून याचा निकाल लागत नाही, कितीही विचलनं काढली तरी. पाच माणसं एकेकदा मोजली की माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला चढउतार एकाच आकड्यात मिसळून जातात. वेगळे करायचे तर त्याच पाच जणांना आठवडेच्या आठवडे पुन्हापुन्हा मोजावं लागतं, सोबत त्यांचं वजन आणि दिवसभराचं कामही नोंदवावं लागतं.