शब्दसंग्रह-चाचणी : इंग्रजी प्रावीण्य परीक्षांतील

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराला इंग्रजीतले किती शब्द कळतात, किती खोलवर कळतात आणि त्यांतले किती तो स्वतः नेमकेपणाने वापरू शकतो, हे अजमावण्याची पद्धत. परदेशी विद्यापीठातला प्रवेश, परिचारिका म्हणून नोंदणी, स्थलांतराचा परवाना अशा निर्णयांसाठी टोफेल, आयेल्ट्स, केंब्रिज, ड्युओलिंगो अशा परीक्षा घेतल्या जातात. त्यांत ही चाचणी वेगवेगळ्या रूपांत येते : कुठे सुटे प्रश्न असतात, कुठे ती वाचन-लेखनातच मिसळलेली असते. परीक्षा शब्द जसा विचारते तसाच विद्यार्थी तो पाठ करतो. त्यामुळे प्रश्नाचे रूप ही केवळ परीक्षकांच्या सोयीची बाब राहत नाही. हजारो मुलांच्या अभ्यासाचे तास त्यावर ठरतात.

टोफेलचा इतिहास याबाबतीत सर्वांत बोलका आहे. १९६१ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या ज्या परिषदेतून या परीक्षेची कल्पना पुढे आली, तिथेच जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञाने एक इशारा दिला होता. शब्द, व्याकरण, उच्चार यांचे सुटे तुकडे तपासून भागणार नाही, भाषा एकसंध वापरताना काय होते तेही पाहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. १९६४ मध्ये परीक्षा सुरू झाली तेव्हा मात्र तिच्या पाच भागांपैकी एक भाग निव्वळ शब्दसंग्रहाचा होता. १९७६ मध्ये पाचांचे तीन भाग झाले आणि शब्दसंग्रह वाचनाला जोडला गेला, तरी प्रश्न सुटेच राहिले : एका वाक्यात एक शब्द अधोरेखित, खाली चार पर्याय, त्यांतला समानार्थी निवडायचा. वाक्य न वाचताही उत्तर देता येई. जुलै १९९५ पासून असे सुटे प्रश्न काढून टाकण्यात आले आणि शब्दांवरचे प्रश्न वाचनाच्या उताऱ्यांतच विचारले जाऊ लागले.

समानार्थी शब्दांचे प्रश्न तीन दशके टिकले याला सबळ कारणे होती. थोड्या वेळात पुष्कळ प्रश्न विचारता येतात, यंत्राने तपासता येतात, आणि त्यांतले गुण वाचनाच्या गुणांशी चांगले जुळतात. आकडेशास्त्राच्या दृष्टीने दोष काढायला जागा नव्हती. दोष होता तो अभ्यासाच्या टेबलावर. शब्द आणि त्याचा एक प्रतिशब्द अशा जोड्यांच्या याद्या पाठ करणे हाच सर्वांत किफायतशीर अभ्यास ठरत होता आणि विद्यार्थी तोच करत होते.

अशा प्रश्नांतून नेमके काय मोजले जाते, हे १९९७ मध्ये अनपेक्षित रीतीने उघड झाले. थॉमस लँडाउअर आणि सुझन ड्युमे या संशोधकांनी संगणकाला एका ज्ञानकोशातले सुमारे ४६ लाख शब्दांचे लेखन पुरवले. कोणते शब्द कोणत्या मजकुरात एकत्र येतात एवढीच नोंद संगणकाने ठेवली. वाक्यातला शब्दक्रमसुद्धा त्याने विचारात घेतला नाही. मग त्याला टोफेलचे ८० समानार्थी प्रश्न दिले. त्याला ६४.४ टक्के गुण पडले. अमेरिकी महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या परदेशी उमेदवारांची त्याच प्रश्नांवरची सरासरी ६४.५ टक्के होती. ज्याला एक वाक्य रचता येत नाही, सूचना वाचून काही करता येत नाही, अशा यंत्राने उमेदवारांची बरोबरी केली होती. कोणता शब्द कोणाच्या संगतीत वावरतो याची जाण हा शब्दज्ञानाचा मोठा भाग आहे आणि वाचनातून ती नकळत येते, हे या प्रयोगाचे मोल. ती जाण म्हणजे अख्खे शब्दज्ञान नव्हे, हेही त्यातून तितकेच स्पष्ट झाले.

शब्द तपासायचे तर कोणते, हा प्रश्न याहून जुना आहे आणि त्याचे एक मूळ भारतीय उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांच्या हाती असलेल्या इंग्रजी पुस्तकांत क्वचित भेटणारे शब्द दाटीवाटीने येतात आणि मूल ओळीगणिक अडखळते, हे त्याने पाहिले. त्याने वाचनपाठ नव्याने लिहिले : दुर्मीळ शब्दांच्या जागी रोजचे शब्द घातले, नवे शब्द विरळ पेरले आणि प्रत्येकाची उजळणी होईल अशी योजना केली. या विचाराची परिणती १९५३ मधल्या त्याच्या ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ या सुमारे २,००० मूळशब्दांच्या यादीत झाली. शिकणाऱ्याच्या अडचणीपासून सुरुवात करणारी ही यादी आज जुनी झाली असली, तरी पुढच्या बहुतेक याद्या तिच्या खांद्यावर उभ्या आहेत.

त्यांतली परीक्षार्थींना सर्वाधिक उपयोगी ठरलेली यादी न्यूझीलंडमध्ये तयार झाली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात एव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या शाखांतले सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन तपासले. वेस्टच्या यादीत नसलेले पण सर्व शाखांत वारंवार येणारे शब्द त्यांनी निवडले आणि २००० मध्ये ५७० शब्दकुटुंबांची ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि प्रत्यय-उपसर्ग लागून झालेली त्याची रूपे. ‘ॲनालाइज’, ‘कन्सेप्ट’, ‘सिग्निफिकंट’, ‘एस्टॅब्लिश’ हे यातले पहिल्या गटातले शब्द. अभ्यासविषयक लेखनात दर दहा शब्दांमागे साधारण एक शब्द या यादीतला असतो. कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण १.४ टक्के आहे. फक्त कादंबऱ्या वाचून इंग्रजी सुधारलेला विद्यार्थी परीक्षेतल्या उताऱ्यापाशी का थबकतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

एकंदर शब्दसंग्रह मोजण्याच्या कामात पॉल नेशन यांचे नाव आघाडीवर आहे, तेही वेलिंग्टनचेच. वारंवारतेच्या पायऱ्यांवर शब्द तपासणारी त्यांची चाचणी १९८३ मधली आहे. तिच्यात सहा शब्द आणि तीन अर्थ देऊन जोड्या लावायला सांगतात. कोणत्या मुलाला पुढे काय शिकवायचे हे शिक्षकाला कळावे, हा तिचा मूळ हेतू. गुणवत्ता यादी लावण्यासाठी ती बनवलेली नव्हती. मजकूर कोणाच्याही मदतीशिवाय समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी चालतो, असे मानले जाते. नेशन यांच्या २००६ मधल्या हिशेबाप्रमाणे वर्तमानपत्र किंवा कादंबरी या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, बोलणे समजायला सहा ते सात हजार. बाजारातली ‘महिन्यात पाच हजार शब्द’ छापाची पुस्तके या आकड्यांपुढे ठेवून पाहावीत : आकडा मोठा दिसतो, पण त्या पाच हजारांत वारंवार लागणारे शब्द किती आणि केवळ दुर्मीळ म्हणून घेतलेले किती, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते.

आणखी दोन प्रश्नप्रकार महत्त्वाचे आहेत. पहिल्यात शब्द दाखवून ‘हा शब्द माहीत आहे का?’ एवढेच विचारतात. पॉल मीरा आणि बार्बरा बक्स्टन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत खऱ्या शब्दांत इंग्रजीसारखे दिसणारे बनावट शब्द मिसळलेले असतात. बनावटाला ‘हो’ म्हटले की गुण घटतात. ड्युओलिंगोच्या परीक्षेने हीच कल्पना उचलली. दुसऱ्या प्रकाराचा उगम विल्सन टेलर यांच्या १९५३ मधल्या गाळलेल्या शब्दांच्या चाचणीत आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत क्लाइन-ब्रॅली आणि रात्झ यांनी तिला नवे रूप दिले : एकाआड एक शब्दाचा उत्तरार्ध पुसायचा आणि उमेदवाराने तो भरायचा. इथे अर्थ, स्पेलिंग आणि वाक्यरचना तिन्ही एकदम लागतात. जानेवारी २०२६ पासूनच्या टोफेलमध्ये याच वळणाचा प्रश्न आला आहे.

आयेल्ट्समध्ये शब्दसंग्रहाचा वेगळा भाग नाही, पण लेखन आणि संभाषण या दोन्हींत एकचतुर्थांश वजन शब्दसामर्थ्याला आहे. इथे परीक्षक शब्दांची संख्या मोजत नाही. विषयाला पुरेल एवढी विविधता आहे का, शब्द शोभेल तिथे आला आहे का, त्याची संगत बरोबर आहे का, हे तो पाहतो. पाठ केलेला भारदस्त शब्द चुकीच्या जागी बसवला तर तो उमेदवाराच्या बाजूने बोलत नाही. वाचन आणि श्रवणातही शब्दज्ञान लागतेच, कारण प्रश्नातली भाषा उताऱ्यातल्या भाषेहून मुद्दाम वेगळी ठेवलेली असते.

शब्द टिकवण्याच्या रीतीबद्दल बरेच भक्कम पुरावे आहेत. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजला. वाढत्या अंतराने उजळणी करण्याच्या सगळ्या पद्धती तिथून निघतात. सेबास्टियन लाइटनरची १९७२ मधली कप्प्यांची पेटी आणि आजचे अँकी हे संगणकीय साधन त्याच घराण्यातले. २००८ मध्ये कार्पिके आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. ज्यांनी पुनःपुन्हा स्वतःची चाचणी घेतली त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आठवले. एकदा जमलेला शब्द ज्यांनी चाचणीतून वगळला त्यांना जेमतेम तिसरा हिस्सा आठवला, मग त्यांनी तो नंतर कितीही वेळा वाचलेला असो. चाचणी ही केवळ मोजण्याची नव्हे, लक्षात ठेवण्याचीही प्रभावी रीत आहे, हे शिक्षकांनी यातून मनावर घ्यावे. याउलट, अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच बैठकीत शिकले तर ते एकमेकांत मिसळतात, असे थॉमस टिंकहॅम यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले. समानार्थी शब्दांचे गट करून छापलेल्या याद्या म्हणूनच पहिल्या भेटीसाठी गैरसोयीच्या, उजळणीला चालतात.

मराठी भाषकांपुरते काही मुद्दे वेगळे आहेत. कॉक्सहेड यांच्या यादीतले ८२ टक्क्यांहून अधिक शब्द ग्रीक-लॅटिन मुळांचे आहेत. शाळेत धातू, उपसर्ग, प्रत्यय घोटलेल्या मुलाला ही मुळे फोडण्याची सवय लवकर लागते. नॉर्मन लुइसचे १९४९ मधले ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ याच मार्गाने जाते आणि आपल्याकडे ते अजून खपते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला प्रकाशसंश्लेषण किंवा गुरुत्वाकर्षण या कल्पना पक्क्या माहीत असतात; त्याला फक्त नवे नाव हवे असते. अशा शब्दांची वेगळी वही केली तर मोठा पल्ला गाठता येतो, आणि हा फायदा त्याला कोणी सांगत नाही याची खंत वाटते. खरी अडचण येते ती शब्दांच्या संगतीत. आपल्याकडे धुकेही दाट आणि शक्यताही दाट. इंग्रजीत धुक्याला ‘थिक’ चालते, शक्यतेला ‘स्ट्राँग’ लागते. ही माहिती समानार्थी शब्दांच्या यादीत नसते. ती शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांतल्या उदाहरणवाक्यांत सापडते, आणि ए. एस. हॉर्नबी यांनी तोक्योत तयार केलेल्या १९४२ मधल्या कोशापासून ही सोय उपलब्ध आहे.