चावीच्या ग्रामोफोनची हकीकत

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या वस्तूंचें लहानसें प्रदर्शन भरवावें असें ठरलें, तेव्हां पिंपरींतील एका वृद्ध भगिनीनें माळ्यावरची एक काळी पेटी आम्हांकडे पाठविली. ती उघडून पाहतां आंत ‘हिज् मास्टर्स व्हॉइस’चा १०२ क्रमांकाचा, हातानें चावी देण्याचा ग्रामोफोन निघाला. १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या पेनिसिलिनच्या कारखान्यांत त्यांचे दिवंगत पति नोकरीस लागले, तेव्हां वसईहून येतांना त्यांनीं तो बरोबर आणिला होता. आवरण फाटलेलें, चावी फिरेना. हें भंगारांतच द्यावें, असें मत मीं बोलून दाखविलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

वस्तुतः या यंत्राचा इतिहास आपणांस वाटतो त्याहून आपल्या जवळचा आहे. एडिसननें १८७७ सालीं नळकांड्यावर आवाज उमटविला. बर्लिनरनें १८८७ मध्यें सपाट तबकडीची युक्ति काढली. पुढें एप्रिल १९०२ मध्यें, पोप लिओ तेरावे पीठासीन असतां, गाइसबर्ग बंधूंनीं व्हॅटिकनमध्यें सिस्टाईन गायकवृंदाचें व त्यांतील मोरेस्की यांचें गायन मुद्रित केलें. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत थोरले बंधु फ्रेड यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें घेतलें. त्या वेळीं तबकड्या हानोव्हरला छापून येत. तबकडीचें मुख्य द्रव्य म्हणजे आपल्याच रानांतील लाख! लाख जर्मनीस जाई आणि गाणें होऊन परत येई. १९०८ पासून कलकत्त्यास सियालदह येथेंच छपाई होऊं लागली.

रोमनें मात्र या यंत्रास उपासनेंत थारा दिला नाहीं. ३ सप्टेंबर १९५८ च्या पवित्र संगीतविषयक आदेशांत त्याचा स्पष्ट निषेध आहे. म्हणून आमची पेटी मंदिरांत नव्हे, सभागृहांत ठेविली.

दुरुस्ती केली ती आमच्या एका धर्मबंधूंनीं. ते भोसरीस टर्नर आहेत; मोटारींचे भाग करणारे हात. कमान शाबूत होती, पण डब्यांतील वंगण डिंकासारखें घट्ट झालें होतें. कमानीचा डबा उघडणें धोक्याचें. ती एकदम उसळली तर बोटें जातात. ती काढून रॉकेलनें धुतली. वेग आवरणाऱ्या तीन वजनांपैकीं एकाची पट्टी तुटली होती. ती पातळ पोलादांतून नवी कापली. ध्वनिपेटींतील रबर दगडासारखें झालें होतें, तेथें सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसविली. मग तबकडीखालीं कागदाचा कपटा ठेवून, घड्याळ समोर धरून फेरे मोजले. मिनिटास ७८ फेरे भरेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. पेटीस नवें रोगण द्यावें असा माझा आग्रह होता. त्यांनीं तो मानिला नाहीं, आणि तेंच योग्य झालें.

तबकडी एकच उरली होती, बालगंधर्वांच्या नाट्यपदाची, आणि तिला तडा गेलेला. पोलादी सुई दर खेपेस नवी घेतली तरी तबकडी थोडी झिजतेच. त्यामुळें प्रदर्शनांत ती वाजवावी कीं नाहीं, याबद्दल आमच्यांत मतभेद झाला. शेवटीं त्या भगिनीच म्हणाल्या, “फादर, एकदांच लावा.”

तीन मिनिटें पद चाललें. दर फेऱ्यास तड्याचा ठोका पडत होता. पद संपल्यावर त्यांनीं तबकडी कागदी पाकिटांत घातली आणि आपल्या पिशवींत ठेविली. पेटी सभागृहांत आहे. मुलांनीं चावी खुशाल द्यावी. शेवटचे चार वेढे मात्र सोडावे, अशी टर्नर बंधूंची सक्त ताकीद आहे.